जुनी डिस्क, नवा संगणक

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मुलुंडच्या आमच्या शाळेत दुपारी वीज गेली, पंधरा मिनिटांनी परत आली, पण कार्यालयातला जुना संगणक काही केल्या सुरू होईना. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडून पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. एवढा जुना बोर्ड आता मिळायचा नाही. पण हार्ड डिस्क चांगली आहे. नवा संगणक घ्या, त्यात ही डिस्क बसवू, म्हणजे झाले!"

ते ऐकून सर्वांचा जीव भांड्यात पडला. दाखल्यांचे नमुने, प्रदर्शनांचे अहवाल, जुन्या प्रश्नपत्रिका असे बरेच काही त्या डिस्कवर होते. सर्वांत मोलाची होती ती विज्ञानाची प्रश्नपेढी. निवृत्त झालेल्या आमच्या एका बाईंनी आठवी ते दहावीच्या प्रत्येक पाठावरचे प्रश्न बारा वर्षे स्वतः टाइप करून साठवले होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

नवा संगणक आला. डिस्क बसवली, बटण दाबले. काळ्या पडद्यावर एवढेच उमटले की, सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. तंत्रज्ञाने मग तीच डिस्क संगणक कक्षातल्या एका मधल्या वयाच्या संगणकाला लावली. तेथे विंडोजचे चिन्ह दिसले, आशा वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी निळा पडदा! त्यावर चुकीचा क्रमांक होता, ७बी.

डिस्क तीच, संगणक दोन, आणि दोघांचे नकार निरनिराळे. हे पाहत उभ्या असलेल्या नववीच्या एका मुलाने विचारले, "सर, एका दप्तरातली वही दुसऱ्या दप्तरात टाकली, तर अक्षरे पुसली जातात का?"

प्रश्न अगदी योग्य होता. अक्षरे पुसली गेलेली नव्हती. मग अडले कोठे? त्याचे उत्तर शोधताना संगणक सुरू कसा होतो हेही समजते, आणि आपल्या कष्टाच्या फाइली कशा जपाव्यात हेही कळते.

डिस्कवर असते तरी काय?

हार्ड डिस्क म्हणजे एक साठवण, असे आपण म्हणतो. पण त्या साठवणीत तीन वेगवेगळ्या प्रकारचा माल असतो.

पहिला प्रकार कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा. विंडोज किंवा लिनक्स ही आज्ञावली संगणकाच्या प्रत्येक भागाशी बोलते. कळफलकावर कोणती कळ दाबली, पडद्यावर कोठे ठिपका काढायचा, डिस्कवरचा कोणता तुकडा वाचायचा, हे सारे ती पाहते. स्थापना होताना ती त्या विशिष्ट संगणकाची पाहणी करते आणि त्याला अनुरूप अशी स्वतःची मांडणी करून घेते.

दुसरा प्रकार आपण नंतर बसवलेल्या आज्ञावलींचा. लेखनाची, हिशेबाची, चित्रे काढण्याची अशी ही साधने. ती त्या कार्यप्रणालीला बांधलेली असतात. त्यांच्या नोंदी, परवाने, फाँट हे प्रणालीच्या निरनिराळ्या कप्प्यांत विखुरलेले असते. म्हणून एखाद्या आज्ञावलीचे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नुसते ठेवले, तर ती बहुधा चालत नाही.

तिसरा प्रकार आपल्या स्वतःच्या फाइलींचा. प्रश्नपत्रिका, छायाचित्रे, गुणतक्ते. हा माल कोणत्याही यंत्राला बांधलेला नसतो. मुलाने विचारलेला वहीचा दाखला फक्त या तिसऱ्या प्रकाराला लागू पडतो. पहिला प्रकार वहीसारखा नाही. तो भिंतीच्या मापाने बनवून घेतलेल्या कपाटासारखा आहे. घर बदलले की कपाट उचलून नेता येते, पण नव्या भिंतीत ते बसेलच असे नाही.

बटण दाबल्यापासून

आता पहिला नकार पाहू. बटण दाबताच संगणकाचा प्रक्रियक जागा होतो. त्या वेळी त्याच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, काहीही नसते. डिस्क कोठे आहे, ती कशी वाचायची, हेही त्याला ठाऊक नसते. म्हणून मदरबोर्डावरील एका चिपमध्ये छोटी आज्ञावली कायमची भरून ठेवलेली असते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणत, नव्या संगणकांतल्या तिच्या वारसदाराला यूईएफआय म्हणतात. ही आज्ञावली प्रथम यंत्राचे भाग ठीक आहेत का ते तपासते आणि मग कार्यप्रणालीच्या शोधाला लागते.

बायोसची शोधण्याची रीत साधी होती. डिस्कचा अगदी पहिला विभाग, म्हणजे पहिला सेक्टर, वाचायचा आणि त्यात जे लिहिले असेल ते करू लागायचे. हा विभाग अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. त्यातले ४४६ बाइट पुढील आज्ञावली शोधणाऱ्या छोट्या आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. वाटणीच्या एकेका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. शिवाय प्रत्येक नोंदीत विभागाचा क्रमांक ३२ द्विमान अंकांत लिहितात. म्हणजे जास्तीत जास्त २ चा ३२ वा घात इतके विभाग मोजता येतात. त्याला ५१२ ने गुणले की सुमारे २.२ टेराबाइट येतात. त्याहून मोठी डिस्क या तक्त्यात पूर्ण मावतच नाही. घातांकांचा पाठ शिकवताना हे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे.

यूईएफआयने ही रीत बदलली. ती पहिल्या विभागातल्या आज्ञा चालवत नाही. डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र कप्पा राखलेला असतो, त्यात ठरलेल्या प्रकारची फाइल ती शोधते. कोणत्या डिस्कवरची कोणती फाइल आधी उघडायची याची यादी मात्र मदरबोर्डावरच्या स्मृतीत असते. डिस्क काढून दुसऱ्या बोर्डाला लावली, की ही यादी मागेच राहते. अशा वेळी नवा बोर्ड एका ठरावीक नावाची पर्यायी फाइल शोधतो. ती असली तर ठीक, नाहीतर डिस्क समोर असूनही तो म्हणतो, सुरू करण्याजोगे काही नाही.

आमच्या डिस्कवर विंडोज ७ होते आणि वाटणी जुन्या, बायोसच्या पद्धतीची होती. यूईएफआयला हवा असलेला कप्पा तीवर नव्हताच. मधल्या काळातल्या संगणकांत जुनी रीतही चालावी अशी सोय ठेवलेली असे. २०२० नंतरच्या बऱ्याच संगणकांतून ती काढून टाकली आहे. आमचा नवा संगणक त्यांपैकीच होता. पहिल्या नकाराचा अर्थ एवढाच, की नव्या यंत्राला जुना पत्ता वाचता येत नव्हता.

किल्ली कपाटातच राहिली

कक्षातल्या संगणकाला जुनी रीत येत होती. त्याने पहिला विभाग वाचला, विंडोज सुरू करून दिले, आणि तरी निळा पडदा आला. हा दुसरा नकार अधिक मनोरंजक आहे.

कार्यप्रणाली स्मृतीत येईपर्यंत डिस्क वाचण्याचे काम बायोस करून देत असते. प्रणालीचा गाभा आणि सुरुवातीला लागणाऱ्या काही फाइली अशा रीतीने स्मृतीत आल्या, की गाभा कारभार स्वतःच्या हाती घेतो. यापुढे डिस्क वाचायची ती त्याच्या स्वतःच्या साधनाने. या साधनाला ड्रायव्हर, म्हणजे चालक आज्ञावली, म्हणतात. डिस्क ज्या नियंत्रकाला जोडलेली असते त्या प्रकारानुसार चालक वेगळा लागतो.

विंडोज ७ स्थापनेच्या वेळी समोरचा नियंत्रक कोणता ते पाहून ठेवी. त्याचा चालक सुरुवातीलाच उचलायच्या यादीत घाली आणि न लागणारे चालक यादीबाहेर ठेवी. आमच्या जुन्या संगणकात नियंत्रक आयडीई नावाच्या जुन्या पद्धतीवर लावलेला होता, कक्षातल्या संगणकात एएचसीआय या नव्या पद्धतीवर. गाभ्याने कारभार हाती घेतला आणि जुन्या चालकाने नियंत्रकाला हाक मारली. उत्तर आले नाही. योग्य चालक डिस्कवरच होता, पण तो वाचण्यासाठी आधी डिस्क वाचता यायला हवी! कपाटाची किल्ली कपाटातच राहिली म्हणतात तशी गत झाली. ७बी या क्रमांकाचा अर्थ नेमका हाच: ज्या डिस्कवरून सुरुवात करायची, तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मुंबईकरांना हे लोकलच्या उदाहरणाने चटकन समजते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे उपनगरी मार्गांवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा बदलही पूर्ण झाला. रूळ तेच, फलाट तेच, डबेही धडधाकट. पण फक्त एकदिश प्रवाहावर चालणारी जुनी गाडी नव्या तारेखाली चालू शकत नव्हती. बदलाच्या वर्षांत म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. विंडोज ७ ची आमची डिस्क ही जुनी गाडी. दोन्ही साधने जवळ बाळगणारी प्रणाली असती, तर ती दोन्हीकडे चालली असती.

अशा प्रणाली आहेतही. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सुरुवातीच्या भागातच अनेक प्रकारच्या नियंत्रकांचे चालक भरलेले असतात, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना ती यंत्राची नव्याने हजेरी घेते. म्हणून लिनक्स असलेली डिस्क दुसऱ्या संगणकात पुष्कळदा विनातक्रार सुरू होते. विंडोज १० आणि ११ याही विंडोज ७ पेक्षा या बाबतीत खूपच समजूतदार आहेत. पहिल्यांदा सुरू होताना त्या थोडा वेळ घेतात, नव्या भागांची ओळख करून घेतात आणि बऱ्याचदा चालू लागतात. विंडोज एक्सपीच्या काळात मात्र डिस्क हलवली की निळा पडदा ठरलेला, असेच जवळजवळ समजत.

तंत्रज्ञाने कक्षातल्या संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन नियंत्रक आयडीई पद्धतीवर आणला, आणि जुने विंडोज खरोखरच उघडले. टाळ्या वाजल्या. पण पाठोपाठ संदेश आला, की ही प्रत या संगणकावर अधिकृत करून घ्यावी. संगणकाबरोबर मिळालेला विंडोजचा परवाना सामान्यतः त्या मदरबोर्डापुरता असतो. बोर्ड गेला की परवानाही गेला. शिवाय विंडोज ७ ला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० लाच थांबले होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी प्रणाली ओढून चालवण्यापेक्षा नव्या संगणकावर नवी स्थापना करणे हेच शहाणपणाचे, असे ठरले.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. एवढे सारे प्रयोग आम्ही दुसरी प्रत नसलेल्या डिस्कवर केले. बारा वर्षे फिरलेली ती डिस्क त्याच दिवशी बंद पडली असती, तर बाईंची प्रश्नपेढी कायमची गेली असती. आमचे नशीब चांगले होते, एवढेच.

नवी स्थापना: कोणता क्रम धरावा?

सर्वांत आधी प्रत काढावी. जुनी डिस्क सुरुवातीची डिस्क म्हणून न लावता, यूएसबी केबलने दुसरी डिस्क म्हणून चालत्या संगणकाला जोडावी. अशा वेळी तिच्यावरची कार्यप्रणाली सुरू करण्याचा प्रश्नच येत नाही, ती फक्त फाइलींचा साठा ठरते. जोडताच "फॉरमॅट करू का?" असा प्रश्न आला, तर नाही म्हणावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावी.

प्रत काढताना पुष्कळांना एक अडचण येते. "या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही" असा संदेश दिसतो. जुन्या संगणकावरील खात्याचे नाव आणि नव्यावरील नाव एकच असले तरी विंडोज खाते नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक क्रमांक असतो आणि नव्या संगणकावर तो वेगळाच असतो. व्यवस्थापकाच्या खात्यातून "पुढे जा" म्हटले की बहुधा वाट मोकळी होते. फाइली शोधताना डॉक्युमेंट्सइतकेच डेस्कटॉपकडेही लक्ष द्यावे. शाळांमध्ये निम्मे काम पडद्यावरच साठवलेले असते! प्रत झाल्यावर चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

नव्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही नव्या विंडोज संगणकांत डिस्कवरचा मजकूर आपोआप कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डावरील टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात ठेवली जाते. अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक विचारला जातो. तो नसेल तर फाइली डिस्कवर असूनही मिळत नाहीत. संगणक चालू असतानाच हा क्रमांक कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा.

प्रत हाती आली की जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी. स्थापनेच्या वेळी संगणकात फक्त नवीच डिस्क असावी. स्थापना करताना कोणत्या डिस्कवर मांडणी करायची ते विचारले जाते आणि निवडलेली जागा पुसली जाते. दोन डिस्का जोडलेल्या असल्या की घाईत चुकीची निवडली जाण्याचा धोका असतो.

त्यानंतर कार्यप्रणाली बनवणाऱ्यांच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घेतलेली प्रत पेन ड्राइव्हवर तयार करावी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह साधारणपणे पुरतो. त्यावरून संगणक सुरू करून स्थापना करावी. प्रणाली उभी राहिली की चालक पाहावेत, आणि त्यातही इंटरनेटच्या जोडणीचा चालक आधी, कारण तो चालला की उरलेले मिळवता येतात. मग लेखनाच्या वगैरे आज्ञावली त्यांच्या मूळ प्रतींवरून नव्याने बसवाव्यात. आपल्या फाइली सर्वांत शेवटी आणाव्यात.

शाळेचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसतील, तर ते लगेच मोडीत काढण्याचे कारण नाही. विंडोज ११ ला टीपीएमची २.० ही आवृत्ती आणि किमान ४ जीबी रॅम लागते. त्या अटी न पुरवणाऱ्या संगणकावर लिनक्स चांगले चालू शकते आणि त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. शिक्षकांना ते स्वतःच्या सवडीने शिकता येतात.

प्रश्नपेढीचे काय झाले?

नव्या संगणकावर बाईंची पहिली फाइल उघडली आणि सर्वांचे चेहरे उतरले. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे आणि कसल्या कसल्या खुणा यांची नुसती खिचडी होती. फाइल बिघडली असे सर्वांना वाटले. पण ती बिघडलेली नव्हती.

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अंकाचे कोणते अक्षर, हे ठरवून घ्यावे लागते. नव्वदच्या दशकात मराठी टाइप करण्यासाठी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण असे अनेक फाँट वापरात आले. त्यांत एक युक्ती केलेली असे. फाइलीत अंक रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचेच राहत, आणि फाँटमध्ये त्या जागी देवनागरीचे आकार काढलेले असत. म्हणजे फाइलीच्या मते ते रोमन अक्षर, आणि आपल्या डोळ्यांना दिसणार 'क' किंवा अर्धा 'त'. शिवाय प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी. तो फाँट बसवलेला असेपर्यंत सारे सुरळीत. आमचा फाँट जुन्या विंडोजच्या कप्प्यात होता, म्हणजे डिस्कवरील दुसऱ्या प्रकारच्या मालात. आम्ही फक्त तिसरा प्रकार आणला होता.

युनिकोडमध्ये हा प्रश्न मुळातच सोडवलेला आहे. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. तीत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा, जगभर एकच असा क्रमांक दिला आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक मिळाले आहेत. 'क' चा क्रमांक २३२५. फाँट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, २३२५ म्हणजे 'क'च. एखाद्या फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर रिकाम्या चौकटी दिसतील, पण 'क' चा दुसरा काही अर्थ होणार नाही.

हे क्रमांक पडद्यावर दाखवायला कार्यप्रणालीतच देवनागरी फाँट असावा लागतो. विंडोज २००० पासून असा फाँट येऊ लागला. त्याचे नाव मंगल, आणि तो आपल्या उपनगरांतच घडला. पवईच्या आयआयटीत अनेक वर्षे शिकवलेले कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी हे त्याचे रचनाकार. निवृत्तीनंतर ते जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करीत. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार ही सारी गुंतागुंत संगणकाने क्रमांकांवरून स्वतः जुळवून दाखवायची, असे ते काम होते. कार्यप्रणाली नव्याने बसवली तरी युनिकोडमधली मराठी जशीच्या तशी दिसते, त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे.

बाईंच्या फाइलींसाठी आम्ही दोन उपाय केले. जुन्या डिस्कच्या प्रतीतून तो फाँट शोधून नव्या संगणकावर बसवला. लगेच प्रश्न वाचता येऊ लागले. पण हा तात्पुरता इलाज होता. म्हणून परिवर्तक आज्ञावलीच्या साहाय्याने सारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. मराठी वाक्ये बहुतांशी नीट आली. 'ष्ट्र', 'र्‍या' अशा काही जोडाक्षरांचा घोटाळा झाला. खरी गंमत झाली ती रसायनशास्त्राच्या पाठांत. पाण्याचे आणि सल्फ्युरिक आम्लाचे सूत्र बाईंनी अर्थातच रोमन अक्षरांत लिहिले होते. पण जुन्या फाइलीत मराठीचेही अंक रोमनचेच! खरे रोमन कोणते आणि मराठीचे सोंग घेतलेले कोणते, हे परिवर्तकाला नुसत्या अंकांवरून कळेना. त्याने सूत्रांचेही 'मराठीकरण' करून टाकले आणि सल्फ्युरिक आम्लाच्या जागी अगम्य शब्द तयार झाले.

शेवटी छापील पाने काढून बाईंकडे पाठवली. त्यांनी लाल पेनाने एकेक सूत्र दुरुस्त करून दिले. दोन महिने लागले. दहावीच्या दोन पाठांतल्या आकृत्या मात्र मिळाल्या नाहीत. त्या ज्या आज्ञावलीत काढल्या होत्या, ती आता कोणाकडे नव्हती आणि तिच्या फाइली दुसरे काही उघडेना. त्या पुन्हा काढाव्या लागतील.

यातून काय घ्यावे?

डिस्क म्हणजे संगणक नव्हे, आणि डिस्क जपली म्हणजे आपले काम जपले असेही नाही. कार्यप्रणाली आज ना उद्या पुन्हा बसवावी लागणार, हे गृहीत धरावे. ती पुन्हा मिळते, आज्ञावलीही पुन्हा मिळतात. आपले लेखन मात्र एकदाच होते. म्हणून ते यंत्रापासून आणि एखाद्या विशिष्ट आज्ञावलीपासून जितके मोकळे ठेवता येईल तितके ठेवावे. मराठी लिहायची ती युनिकोडमध्ये. आकृत्यांची मूळ फाइल ठेवावीच, पण सगळीकडे उघडेल अशा चित्ररूपातही एक प्रत ठेवावी.

प्रती किती असाव्यात? संगणक क्षेत्रात एक जुना संकेत आहे. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वास्तूबाहेर. वास्तूबाहेर कशासाठी, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तळमजल्यावर पाणी शिरले, की संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणात ठेवलेली त्याची प्रत, दोन्ही एकाच वेळी बुडतात.

वर्गात करून पाहा

१. नोटपॅडमध्ये 'मराठी' हा एकच शब्द युनिकोडमध्ये लिहा. शेवटी एंटर दाबू नका. 'यूटीएफ-८' असा पर्याय निवडून साठवा आणि फाइल किती बाइटांची झाली ते पाहा. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात, पण म, र, काना, ठ आणि वेलांटी असे वर्ण पाच आहेत. प्रत्येकाला ३ बाइट, म्हणून उत्तर १५ यायला हवे. १८ आले, तर तुमच्या नोटपॅडने सुरुवातीला ३ बाइटांची खूण जोडली आहे असे समजा.

२. एखाद्या जुन्या फाँटमधली मराठी ओळ घेऊन तिचा फाँट बदला. कोणते मराठी अक्षर कोणत्या रोमन चिन्हाचे सोंग घेत होते, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या.

३. लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून दोन वेगवेगळ्या वयाचे संगणक त्यावरून सुरू करून पाहा. 'स्थापना करा' हा पर्याय न निवडता, 'नुसते वापरून पाहा' हा निवडला, तर आतल्या डिस्कला हात लागत नाही. पेन ड्राइव्ह एकच, यंत्रे दोन, तरी तो दोन्हीकडे कसा चालतो, हे मुलांनाच विचारा. लोकलचे उदाहरण त्यांच्याकडूनच येते का ते पाहा.